चुलीच्या नाकपुड्या

"बिडी किती वर्षं ओढली?"

भंडाऱ्याच्या दवाखान्यात त्या तरुण डॉक्टरनं निनावे सरांच्या छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरून विचारलं. विचारलं म्हणजे काय, उत्तर त्याच्याजवळ तयारच होतं, फक्त आकडा हवा होता. आमच्या भागात छाती अशी काळवंडलेली दिसली की बिडीच असणार, हे ठरलेलं. सरांच्या तोंडावर प्राणवायूचा मास्क होता, त्यांना बोलवत नव्हतं. खाटेच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या सरांच्या पत्नी निर्मलाकाकू मात्र फटकन बोलल्या, "बिडी नाही ओढली जी यांनी. चूल ओढली." डॉक्टरला काही उमगलं नाही. त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं, बहुतेक बिडीच लिहिली असावी, आणि तो पुढच्या खाटेकडे गेला.

सरांना हसू आलं होतं. मास्कच्या आत वाफ धरली त्यावरून कळलं. मग त्यांनी मास्क दोन बोटांनी उचलला आणि मला विचारलं, "सुनंदे, भोकं?" मी म्हटलं, "मोकळी आहेत सर." त्यांनी मान हलवली आणि मास्क परत लावला. गेली सतरा-अठरा वर्षं आमची भेट झाली की हा प्रश्न आणि हे उत्तर व्हायचंच. लोक 'काय, बरं आहे ना' म्हणतात, तसे सर मला 'भोकं?' विचारायचे. माझ्या अंगणातल्या चुलीची भोकं. मला ती त्यांची एक लकब वाटायची... नवव्या दिवशी सर गेले.

शोकसभा तुमसरला त्यांच्या कॉलेजातच झाली. ज्यांनी त्यांना आयुष्यभर 'भुसा सर' म्हटलं, त्यांनी त्या दिवशी 'विज्ञानाचे निष्ठावंत उपासक' म्हटलं. एका वक्त्यानं तर सरांनी 'ज्ञानाची धुनी तेवत ठेवली' असं सांगितलं. तेवतो तो दिवा, धुनी धुपते, आणि सरांचा सगळा जन्म काहीही धुपू नये म्हणून गेला होता, हे त्या गृहस्थांच्या गावीही नव्हतं. सरांनी बांधलेल्या सात-आठ चुली भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेमागे ओळीनं असायच्या. नवी इमारत उठली तेव्हा त्या जेसीबीनं एका सकाळी भरावात घातल्या. शोकसभेचा मंडप बरोबर त्याच जागेवर होता. मी मागच्या खुर्चीत बसून पायाखालच्या फरशा बघत होते.

सर मूळचे विणकर घरातले, मोहाडीकडचे. घरात दोन माग. कॉलेजात ते प्रयोगशाळेत शिकवायचे, शेवटपर्यंत त्यांना वरची जागा मिळाली नाही, आणि त्यासाठी ते कुणाच्या दारातही गेले नाहीत. चुलीच्या नादाला ते कसे लागले हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही भुसा चाळता चाळता, मान वर न करता. मागावर पांढरं सूत चढलेलं असायचं. धूर लागला की सूत पिवळं पडतं, मग माल परत येतो. म्हणून स्वयंपाकाच्या खोलीचं मागाकडलं दार पक्कं बंद असायचं, फटींत चिंध्या कोंबलेल्या, आणि दुसरं दार त्या खोलीला नव्हतंच. "सुताले धूर लागू नये म्हणून मायले धुरात कोंडलं होतं आम्ही," सर म्हणाले. "आणि आम्ही काही वाईट लोकं नव्हतो, सुनंदे. सगळ्याच विणकराच्या घरी तसंच होतं." मी चाळणी पुढे केली.

तुमसरच्या राइस मिल ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना भुसा म्हणजे काय ते सांगायला नको. धान भरडलं की वरचं टरफल वेगळं होतं, तो भुसा. तेव्हा मिलच्या मागे त्याचे डोंगर असायचे. फुकट न्या म्हटलं तरी कोणी नेत नसे. वारा सुटला की सायकलवरच्या माणसाच्या डोळ्यांत जायचा, आणि जागा कमी पडली की मिलवाले तो पेटवून द्यायचे. मग आठ-आठ दिवस तो नुसता धुमसत राहायचा. सरांचं म्हणणं एवढंच होतं की या भुशात एका घराचा नव्हे, अख्ख्या तालुक्याचा स्वयंपाक आहे, आणि आपल्या बाया सरपणासाठी जंगल तुडवत फिरतात. अडचण अशी की साध्या चुलीत भुसा धड जळतच नाही. त्याचा धूर होतो, आणि तो धूर म्हणजेच न जळालेलं जळण. त्या धुराला वरच्या वर गरम हवा मिळाली तर तोही पेट घेतो, ज्योत निळसर होते आणि भांडं काळं होत नाही. यासाठी सरांनी मातीच्या चुलीच्या भिंतीतच हवेची वाट काढली होती. बाहेरून खालच्या अंगाला बोटभर रुंदीची आठ भोकं. त्यातून हवा आत शिरायची, भिंतीतून वर चढताना तापायची आणि ज्योतीला जाऊन मिळायची. बाजूला पत्र्याचं तिरकं नरसाळं, त्यातून भुसा सरकत राहायचा. सगळी करामत त्या आठ भोकांची.

मी बी.एस्सी. होऊन घरी बसले होते तेव्हा सरांना दिल्लीच्या एका योजनेतून प्रकल्प मिळाला. त्याआधीचा त्यांचा अर्ज जिल्ह्याच्या वाटणीत हरवला होता. "गोंदिया वेगळा झाला, तवा माझा अर्ज त्याहिच्या हिश्शात गेला," असं ते हसून सांगायचे. दुसऱ्या अर्जाला यश आलं आणि त्यांना गावोगाव हिंडणारी मदतनीस हवी होती. माझं गाव बपेऱ्याजवळचं, नदीपलीकडे मध्य प्रदेश. पहिल्या वीस चुली आमच्याच वस्तीत घालायच्या ठरल्या, कारण तिथं मला दार उघडून आत जाता येत होतं.

सर चुलीजवळ बसले की उठायचेच नाहीत. हातपंपासारखी एक पिचकारी त्यांनी स्वतःच केली होती. तिच्या तोंडाशी गाळणकागदाची पांढरी चकती लावायची, धुरात धरून ठराविक वेळा ओढायची आणि चकती किती काळी झाली ते बघायचं. चकती धरायला माणसाचं तोंड भांड्याजवळ न्यावंच लागे. मी दोन चुलींनंतर बाहेर पळायचे, ते तिथंच. शिवाय प्रत्येक घरी राख बघायची. काळी राख म्हणजे जळण वाया गेलं, पांढरी राख म्हणजे जळलं. आमच्या शेवंता मावशी म्हणायच्या, "हे बापा, लोकं पोरगी पाहाले येतात, तुमचे सर राख पाहाले येतात!" शेवंता मावशी आमच्या शेजारच्या, नात्यानं कोणी नव्हत्या, पण आईच्या खालोखाल माझ्यावर हक्क त्यांचाच.

पहिला हिवाळा फार चांगला गेला. चकत्या राखाडी यायला लागल्या, मग जवळजवळ पांढऱ्या. माझी आई सकाळी चूल पेटवताना खोकत उठायची, ती पदर डोळ्यांना न लावता भाकर थापायला लागली. एक दिवस सरांनी आमच्या घरची चकती उन्हात उलटसुलट करून पाहिली, पांढरीच होती. मग ती त्यांनी खिशातल्या डायरीत घातली आणि आईला म्हणाले, "बाई, ही मी माझ्या घरी घेऊन जातो." आईला वाटलं, काहीतरी बिघडलं.

त्या दिवसांत मी एक माहितीपत्रक लिहिलं होतं. शिकलेली होते ना! 'द्वितीयक वायुछिद्रे सदैव मोकळी ठेवावीत' असं त्यात होतं. सरांनी वाचलं, "फार शुद्ध लिहिलं बापा," एवढंच म्हणाले आणि बदलायला काही लावलं नाही. वस्तीतल्या बायांनी ते पत्रक भिंतीवर चिकटवलं, दिसायला छान होतं म्हणून. भोकांत राख साचू नये यासाठी सरांनी प्रत्येक घरी सायकलच्या चाकाची एक तार दिली होती, ती मात्र सगळ्या वापरायच्या. तेवढं त्यांना हातानं करून दाखवलं होतं.

आणि मग दिल्लीहून समिती येणार असं पत्र आलं. तीन माणसं आणि एक यंत्र. त्यांनी 'होय' म्हटलं तर चुली अख्ख्या जिल्ह्यात जाणार होत्या, नाही म्हटलं तर प्रकल्प तिथंच संपणार होता. सर आठ दिवस झोपले नसावेत. समितीच्या आदल्या दिवशी ते तुमसरला कोरडा भुसा निवडत होते आणि मी गावात होते. विहाराच्या ओट्यावर बाया जमल्या होत्या. मी त्यांना सांगितलं... काय सांगितलं ते शब्द न् शब्द आठवतं. मी म्हटलं, "उद्या मोठे साहेब येऊन राहिले. आपल्या घराले कोणी नाव ठेवलं नाही पाहिजे. चुली मस्त सारवून ठेवजा."

हे वाक्य माझ्या तोंडात कुठून आलं तेही मला माहीत आहे. छप्पन सालच्या दीक्षेनंतर आजीनं पहिली गोष्ट केली ती घर पांढऱ्या मातीनं पोतारण्याची, असं आमच्याकडे सांगतात. घराकडे कोणी बोट दाखवायला जागा ठेवायची नाही, हे मी बोलायला शिकले त्याच्याही आधी शिकले. साहेब येणार म्हटल्यावर मला भोकं दिसलीच नाहीत, मला फक्त काजळी दिसली, आणि ती काजळी बघून एखाद्यानं नाक मुरडलं तर, एवढंच मनात होतं.

बायांनी माझं ऐकलं. अशा सुरेख सारवलेल्या चुली मी पुन्हा कधी पाहिल्या नाहीत. गुळगुळीत, कडेला पांढरी रेघ, रेघेवर ठिपके. आणि खालची आठही भोकं मातीनं लिंपून सपाट. भेगाळलेल्या, भोकं पडलेल्या चुलीवर पाहुण्याचा चहा कोण ठेवील? समितीनं पहिली चूल आमचीच घेतली. आईनं भुसा पेटवला, आणि पाच मिनिटांत खोलीत माणूस दिसेना. तिघांपैकी दोघं रुमाल तोंडाला लावून अंगणात. तिसरा यंत्राचे आकडे वाचत राहिला. सर खाली वाकले, त्यांनी चुलीच्या कडेवरून हळूच बोट फिरवलं, जिथं भोकं असायला हवी होती तिथून. मला ते बोट अजून दिसतं. मग ते उठले आणि हिंदीत म्हणाले, "आज भूसा गीला है, साहब."

भुसा ओला नव्हता. कण न् कण त्यांनी स्वतः वाळवला होता. ज्या माणसानं एका चकतीचा रंग कधी एका छटेनं बदलून लिहिला नाही, तो माणूस माझ्यादेखत खोटं बोलला. पुढच्या दोन घरी तोच धूर, तेच वाक्य. चौथ्या घरी समिती गेलीच नाही. दोन महिन्यांनी अहवाल आला: स्थानिक परिस्थितीत अनुपयुक्त. त्यात समितीच्या माणसांची नावं होती, ड्रायव्हरचंही आभार मानण्यापुरतं होतं, सरांचं नव्हतं. "आडनावच निनावे, कुठून येईल नाव?" असं म्हणून ते हसले. मला हसता आलं नाही.

पण त्या दिवसाचं अजून सांगायचं राहिलं. संध्याकाळी एसटीची वाट बघत आम्ही फाट्यावर उभे होतो. मी सरांना म्हटलं, "तुम्ही साहेबांना भोकं बुजली होती म्हणून का नाही सांगितलं? एका तारेनं मोकळी झाली असती." ते म्हणाले, "ज्याहिनं आपल्यासाठी घर सजवलं, त्याहिच्याच घरात उभं राहून त्याहिची चूक काढाची का?" मला रडू फुटत होतं आणि त्या रडण्यात मी नको ते बोलले. मी म्हटलं, "या बायांना काही म्हणजे काही समजत नाही सर. इतकं शिकवलं तरी शेवटी माती ती माती." माझ्याच आईबद्दल, शेवंता मावशींबद्दल. माझं आदल्या दिवशीचं वाक्य मला तोपर्यंत आठवलं होतं. फाट्यावर उभी असतानाच आठवलं होतं. ते गिळून मी बायांवर ढकललं. सर माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बायांले बरोबर समजते. जे सांगितलं तेच केलं त्याहिनं." एसटी आली. आम्ही चढलो.

विहाराच्या ओट्यावरचं ते माझं वाक्य मी सरांना कधीच सांगितलं नाही. उद्या सांगू, परवा सांगू, असं करता करता मला शाळेत नोकरी लागली, लग्न झालं, तुमसरला घर झालं. प्रकल्पाच्या चुलींची माती निघत गेली, डागडुजीला कोणी आलं नाही, बाया परत सरपणावर गेल्या. आईची चूल तेवढी टिकली, कारण दरवर्षी धान निघाल्यावर सर स्वतःच्या खर्चानं एसटीनं यायचे आणि ती नीट करून जायचे. आई गेली त्या वर्षीही आले होते. मी ते बघत होते आणि गप्प होते. बायांचा अडाणीपणा नडला असं कॉलेजात सगळे बोलायचे, मी तिथंही गप्प होते.

सर थांबले नाहीत. चार-पाच वर्षांनी त्यांनी एका कुंभाराला धरून भाजलेल्या मातीच्या छोट्या नळ्या करून घेतल्या. चुलीच्या भोकात बसवल्या की त्या दोन बोटं बाहेर यायच्या, तोंड खाली वाकलेलं. वरून कितीही सारवा, हात त्यांच्यावरून घसरतो, भोक बुजत नाही. त्यांनी त्यांना नाव दिलं नाकपुड्या. बायांना सांगायचे, "ह्या चुलीच्या नाकपुड्या आहेत बाई. माणसाचं नाक दाबलं त काय होते?" एवढंच. माझ्या त्या शुद्ध पत्रकात जे कुणाला कळलं नव्हतं ते या एका शब्दात शेंबड्या पोरालाही कळत होतं. पहिली नाकपुड्यांची चूल त्यांनी माझ्या अंगणात, पाणी तापवायला म्हणून, घालून दिली. हात धुताना म्हणाले, "आता कोणी काहीही सांगो, सुनंदे, भोकं बुजत नाहीत." मी म्हटलं, "हो सर, बाया काय, काहीही करतात." त्यांनी ओले हात झटकले आणि सायकलची एक तार चुलीशेजारच्या खिळ्याला अडकवली.

पण तोवर भुसा फुकट राहिला नव्हता. मोठ्या कारखान्यांच्या भट्ट्यांना तो लागायला लागला आणि ट्रकच्या ट्रक भरून जिल्ह्याबाहेर जायला लागला. मग गावागावांत सिलिंडर आले, फुलाफुलांचं कापड पांघरून कोपऱ्यात बसले, आणि रिकामे झाल्यावर तिथंच बसून राहिले. चूल त्यांच्या शेजारी पूर्वीसारखीच धुपत होती. नाकपुड्यांकडे बघायला कुठलीही समिती आली नाही. सर निवृत्त झाले, खोकायला लागले, आणि खोकत खोकत चकत्या ओढत राहिले. वेळेवर एक 'होय' मिळालं असतं तर? हा प्रश्न मी कितीतरी वेळा मनात बुजवला आहे, अगदी गुळगुळीत सारवून.

शोकसभेनंतर पंधरा दिवसांनी शेवंता मावशी माझ्याकडे आल्या. आता सत्तरीच्या पुढे आहेत, एसटीतून उतरताना दोघांनी धरावं लागतं. सरांचं त्यांना उशिरा कळलं होतं. अंगणात चुलीजवळ बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "भला माणूस होता व. त्या दिवशी साहेब लोकं गाडीत बसले, तवा माह्याजवळ आला. म्हणे, भोकं बुजवाले कोणं सांगतलं बाई? मी म्हणलं, भोकं बुजवाले कोणीच नाई सांगतलं जी, आमच्या सुनंदीनं चुली सारवाले सांगतल्या."

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय? मंग म्हणे, हे तिले नोका सांगजा. तिले वाटन का तिच्याच्यानं झालं. पोट्टी आहे, जल्मभर मनाले लावून घेईन." मावशींनी पदरानं तोंड पुसलं. "आमी कायले सांगून राहिलो? आता तो बिचारा गेला, म्हणून तोंडातून निंगालं."

म्हणजे फाट्यावर मी बायांना नावं ठेवत होते तेव्हा त्यांना माहीत होतं. आईची चूल दुरुस्त करायला येत होते तेव्हा माहीत होतं. 'कोणी काहीही सांगो' म्हणाले तेव्हा तर माहीत होतंच. मावशी गेल्यावर मला रडू आलं नाही, राग आला, आणि तो सरांचाच आला. अजूनही आहे. माफ करायचं काम त्यांनी एकट्यानंच उरकून घेतलं. मला मागायला जागाच ठेवली नाही. सतरा-अठरा वर्षं दर भेटीला 'भोकं?' विचारत होते, ते मला संधी देत होते की मी सुखरूप आहे ना एवढंच बघत होते, हे आता कुणाला विचारू?

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तापवायला बसले. चुलीशेजारच्या खिळ्याला सरांनी दिलेली सायकलची तार लटकलेली असते, ती काढली. आठही नाकपुड्या मोकळ्या होत्या. असणारच, माझ्या हातानं बुजू नयेत अशाच केल्या आहेत त्या. तरी एकेकीत तार घालून पाहिली, आठव्या नाकपुडीपर्यंत, आणि मग त्या चुलीला सांगितलं, जे सरांना सांगायचं होतं.